बांधावरचं घायपात, विहिरीवरचं लिंबू

मोताळ्याहून धामणगाव बढेकडे निघालं की डाव्या हाताला अजिंठ्याची डोंगररांग लांबून सोबत करते. होळी नुकतीच झालेली. पऱ्हाट्या उपटून बांधाला रचलेल्या, मक्याची काढणी चाललेली, तुरीचं कुटार घरी गेलेलं. काळी माती उन्हानं भेगाळू लागलेली. अशा रानात नजर जाईल तिथे हिरवं म्हणावं असं एकच उरतं : बांधावरचं घायपात. कमरेएवढी, करड्या-निळसर रंगाची जाड पानं, कडेला काटे आणि टोकाला दाभणासारखा सुळा. मधेच एखाद्या झाडाला दोन पुरुष उंचीचा खांब फुटलेला.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय एका शब्दात कळवला होता : 'आंबट'. चिंच, कोकम, आमसूल, कैरी यांवर लिहिणारे पुष्कळ निघतील हे ठाऊक होतं. मला मार्गारिटा आठवली. टकिला, संत्र्याच्या सालीची लिकर, लिंबाचा रस आणि पेल्याच्या काठाला मीठ. जगभरच्या बारमध्ये सर्वाधिक मागितल्या जाणाऱ्या पेयांपैकी हे एक. त्याचा कणा लिंबाचा आंबटपणा आहे. तो चुकला तर बाकी कितीही महाग ओतलं तरी पेला उभा राहत नाही. हे घरी नीट कसं करावं हे शिकायचं, आणि त्यासाठी पुणे-मुंबईतल्या एखाद्या बारमध्ये बसण्याऐवजी बुलडाणा जिल्ह्यातल्या या गावी यायचं, हे मी मुद्दाम ठरवलं. कारण या पेयातल्या दोन मुख्य वनस्पती इथे हाकेच्या अंतरावर उभ्या आहेत. घायपात बांधावर, लिंबू विहिरीवर. एक मेक्सिकोतून इकडे आली, दुसरी आशियातून मेक्सिकोत गेली.

वाख आणि कासरा

ज्यांच्या शेतात मी गेलो ते काका साठीच्या पुढचे. घायपातापासून दारू होते हे सांगितल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग झाडाकडे पाहिलं. "आमचे बैल बी तोंड लावत नाई याले," म्हणाले. त्यांचं म्हणणं खरं आहे. कच्च्या पानाचा रस अंगाला लागला की आग होते, खाज सुटते, फोडही येतात. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांचा हा प्रताप. गुरं तोंड लावत नाहीत म्हणूनच तर हे कुंपणाला लावलं गेलं.

या भागात याला केकताडही म्हणतात. पूर्वी याचा खरा उपयोग दोराचा. पानं कापायची, डोहात किंवा डबक्यात दगडाखाली दाबून कुजत ठेवायची, मग बडवून, धुऊन त्यातला पांढरा वाख मोकळा करायचा. वाख वळून चऱ्हाट, कासरा, दावं, म्होरकी. हे काम गावोगावी मातंग समाजातल्या कुटुंबांच्या हातात होतं. पोळ्याच्या आधी त्यांच्या दारात गर्दी असे. बैलाचा नवा साज म्हणजे नवा दोर. नायलॉन आलं, ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. आता पोळ्याच्या बाजारात रंगीत प्लास्टिकचे दोर लटकतात आणि घायपात नुसतं बांधावर राहिलं. काकांच्या लहानपणी त्यांच्या घरी वाखाचे दोर वळून घेतले जात. त्या कामाला येणारी शेवटची माणसं कधीच वारली.

घायपाताची जात मूळची अमेरिका खंडातली, तीही मुख्यतः मेक्सिकोची. युरोपीय दर्यावर्दींनी ती जगभर नेली. भारतात ती दोरासाठी, कुंपणासाठी, पुढे रेल्वेच्या रुळांकडेला लावली गेली. जगाच्या धाग्यांच्या बाजारात एका जातीचा धागा 'बॉम्बे अ‍ॅलो' या नावानं विकला जाई. दख्खनच्या हलक्या, मुरमाड जमिनीत, कमी पावसात हे झाड असं रुळलं की चार पिढ्यांनंतर कुणाला ते परकं वाटेना.

बहार धरणं

काकांच्या विहिरीजवळ कागदी लिंबाची झाडं आहेत. बागायत म्हणावी एवढी नाहीत, पण घरचं भागवून उन्हाळ्यात काही कट्टे मलकापूरला जातात. या लिंबाला कागदी म्हणतात ते त्याच्या पातळ सालीमुळे. बोटानं दाबलं तरी वास सुटतो.

वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात हे एका संकराचं फळ आहे : महाळुंग एका बाजूला आणि पापेडा वर्गातली एक रानटी लिंबूजात दुसऱ्या बाजूला. जन्म आशियातला. अरब व्यापाऱ्यांनी ते भूमध्य समुद्राकडे नेलं, तिथून स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत. कोलंबसाच्या 1493 च्या दुसऱ्या सफरीत लिंबूवर्गीय फळांच्या बिया गेल्या, आणि पुढच्या शतकात मेक्सिकोत हे लिंबू इतकं फोफावलं की आज इंग्रजीत त्याला 'मेक्सिकन लाइम' म्हणतात. तेच हे कागदी लिंबू. लंडन-न्यूयॉर्कच्या बारमध्ये बहुतेक वेळा वापरतात ते पर्शियन लिंबू वेगळं. मोठं, बिनबियांचं, जाड सालीचं, वाहतुकीला सोयीचं. त्याचा आंबटपणा सौम्य आणि वास कमी. म्हणून माझं ठाम मत आहे की धामणगाव बढेच्या लिंबानं केलेली मार्गारिटा चवीत मेक्सिकोला अधिक जवळची आहे. आपल्याकडचे लोक परदेशी पुस्तकं वाचून मोठं हिरवं पर्शियन लिंबू शोधत फिरतात, तेव्हा मला वाईट वाटतं.

हे लिंबू पिकवण्यातली खरी परीक्षा उन्हाळ्याची. झाडाला फुलं वर्षातून तीनदा येतात. आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत, मृग बहार जून-जुलैत, हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. झाडाचा स्वभाव आंबे बहाराकडे जास्त झुकलेला, त्या फुलांची फळं पावसाळ्यात येतात. तेव्हा बाजारात लिंबाला कुणी विचारत नाही, तोडणीची मजुरीही निघत नाही. एप्रिल-मेमध्ये हवी असतात ती फळं हस्त बहाराची, आणि तो बहार सर्वांत कमी. बहार धरायचा म्हणजे झाडाला ताण द्यायचा, पाणी तोडायचं, पानं पिवळी पडू द्यायची, मग पाणी सोडायचं. हस्तासाठी हा ताण ऐन भाद्रपदात द्यावा लागतो, जेव्हा वरून पाऊस चालू असतो. म्हणून कृषी विद्यापीठाची शिफारस फवारणीची आहे : जूनमध्ये जिबरेलिक आम्ल, सप्टेंबरमध्ये सायकोसिल, ऑक्टोबरमध्ये पोटॅशियम नायट्रेट. पहिलं नको असलेली फुलं थांबवतं, दुसरं झाडाची शेंडेवाढ रोखून त्याला फुलाकडे वळवतं.

काका फवारणी करत नाहीत. त्यांची जमीन उताराची आणि मुरमाड आहे, पाणी थांबत नाही, म्हणून आपोआप थोडा ताण बसतो. "जमीन हलकी हाय म्हणूनच लिंबू हाय," त्यांनी सांगितलं. 2022 च्या एप्रिलमध्ये शहरांत लिंबू दोनशे रुपये किलोच्या वर गेलं होतं, तेव्हा त्यांच्या झाडांवर किती फळ होतं हे त्यांना अजून झाडवार पाठ आहे.

चवीसाठी लिंबू निवडताना ते हिरवं-पोपटी हवं, तळहातावर जड लागलं पाहिजे. पूर्ण पिवळं झालं की रस वाढतो पण सालीचा तरतरीतपणा उतरतो. चांगल्या कागदी लिंबात साधारण पंधरा ते वीस मिलिलिटर रस निघतो. म्हणजे एका पेल्याला एक लिंबू.

गड्ड्यातली साखर

टकिला सर्व घायपातांची होत नाही. मेक्सिकोच्या कायद्यानं ती एकाच जातीची, निळ्या वेबर घायपाताची असावी लागते, आणि ठरवून दिलेल्या प्रदेशातच. 1974 पासून हे नाव त्या देशाच्या मालकीचं आहे. झाड सहा-आठ वर्षं वाढू देतात. खांब फुटायच्या आत पानं छाटून मधला गड्डा काढतात. गड्ड्यात साखर थेट नसते, फ्रुक्टन नावाच्या लांब साखळ्यांत बांधलेली असते. त्या साखळ्या उष्णतेनं तोडाव्या लागतात, म्हणून गड्डा भट्टीत तासन्तास शिजवतात. शिजला की तो गुळासारखा गोड आणि तपकिरी होतो. मग पिळून, आंबवून, दोनदा ऊर्ध्वपातन. न मुरवलेली ती ब्लँको. निदान दोन महिने लाकडी पिंपात राहिली की रेपोसादो, वर्षभर राहिली की अन्येहो. मार्गारिटाला ब्लँको बरी, कारण तिच्यात शिजलेल्या गड्ड्याचा आणि हिरव्या पानाचा वास झाकला गेलेला नसतो. बाटलीवर 'शंभर टक्के अगेव्ह' (अगेव्ह म्हणजे घायपात) लिहिलेलं पाहून घ्यावं. तसं नसेल तर 49 टक्क्यांपर्यंत साखर दुसरीकडची असू शकते.

बांधावरच्या झाडाकडे पाहून जो प्रश्न मनात येतो तो आपल्याकडे एका माणसानं खरोखर धसाला लावला. डेस्मंड नाझरेथ यांनी दख्खनच्या पठारावरचं हे घायपात पाहिलं, त्यावर प्रयोग केले आणि आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात कारखाना उभारला. 2011 मध्ये त्यांचं 'डेस्मंडजी' गोव्यात विक्रीला आलं. टकिला हे नाव वापरता येत नाही, म्हणून बाटलीवर नुसतं अगेव्ह. त्यासाठी वापरलेलं झाड 'अगेव्ह अमेरिकाना', म्हणजे जे आपल्याकडे शेताच्या कडेला दिसतं त्याच कुळातलं, जाड निळसर पानांचं.

हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले, आणि लगेच त्यांनी व्यवहाराचा प्रश्न विचारला : गड्डा काढला की बांध कोण धरणार? याचं उत्तर सोपं नाही. घायपात आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं. खांब फुटला की वर्षानुवर्षं साठवलेली साखर त्यात खर्च होते, म्हणून गड्डा त्याआधी घ्यावा लागतो. इथल्या जातीला त्या वयाला यायला दहा वर्षं सहज लागतात, कधी वीसही. बुडाशी पिलं फुटतात हे खरं, पण ती मोठी होईस्तोवर दोन-चार पावसाळ्यांत उताराची माती ओघळीला लागते. शिवाय दारू गाळण्याचा परवाना ही शेतकऱ्याच्या आवाक्यातली गोष्ट नाही, आणि बिनपरवाना गाळणं हा गुन्हा आहे. ऊर्ध्वपातनात काय टाकायचं आणि काय ठेवायचं हे न कळता केलेल्या दारूनं माणसं आंधळी होतात, मरतात. घायपाताचं मोल व्हावं असं मला मनापासून वाटतं, पण बांध फोडून नाही. उद्या कुणी कारखानदार गड्डे विकत घ्यायला आलाच तर एकाआड एक झाड काढायचं, हा काकांचा विचार मला पटला.

दहीहांड्याचं मीठ

पेल्याच्या काठावर मीठ का? मिठातलं सोडियम जिभेला कडवटपणा कमी जाणवू देतं. दारूचा आणि लिंबाच्या सालीचा कडवटपणा त्यामुळे मागे सरतो, गोड आणि आंबट पुढे येतात. आपण पेरूला, संत्र्याला, काकडीला मीठ लावतो ते याच कारणानं.

या जिल्ह्याला मिठाची गोष्ट सांगावी लागत नाही. दक्षिणेला लोणार. उल्कापातानं झालेल्या त्या विवरातल्या सरोवराचे क्षार शतकानुशतकं काढले जात. 'आईन-ए-अकबरी'त त्यांचा उल्लेख आहे. ते प्रामुख्यानं सोड्याचे, साबण-काचेच्या उपयोगाचे. पेल्याच्या काठाला ते चालणार नाहीत. खाण्याच्या मिठाची गोष्ट उत्तरेला, पूर्णेच्या खोऱ्यात. तिथे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. समुद्र शेकडो किलोमीटर लांब असूनही 1930 च्या एप्रिलमध्ये वऱ्हाडानं मिठाचा सत्याग्रह केला तो या पाण्याच्या जिवावर, अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला. खाऱ्या विहिरीचं पाणी आटवून लोकांनी मीठ केलं आणि कायदा मोडला.

घरी मात्र वाण्याकडचं खडेमीठ घ्यावं. खलबत्त्यात जाडसर कुटावं, रव्याहून थोडं मोठं. बारीक मीठ काठाला थापलं जातं आणि पहिल्याच घोटाला तोंड खारट करतं. लिंबाची फोड काठाच्या बाहेरच्या बाजूनं फिरवायची, तीही निम्म्याच काठाला, आणि मग ताटलीतल्या मिठात टेकवायची. निम्मा काठ मोकळा ठेवल्यानं पिणाऱ्याला घोटागणिक निवड करता येते. आतल्या बाजूला मीठ लागलं तर ते पेयात विरघळून सगळं बिघडवतं.

संत्र्याची साल

लिकर म्हणून क्वांत्रो किंवा कुठलीही चांगली ट्रिपल सेक चालते. तिचा आत्मा संत्र्याच्या सालीतलं तेल. बिनदारूच्या पेल्यासाठी हेच तेल घरी साखरेत उतरवता येतं, आणि संत्री तर याच जिल्ह्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी आहेत. मार्चमध्ये मृग बहाराचं संत्रं बाजारात असतं. साल सैल, हातानं सुटणारी, पण आतल्या पांढऱ्या थरासकट निघते, आणि तो कडू. चमच्याच्या कडेनं तो खरवडून टाकावा. चार संत्र्यांची अशी साफ साल शंभर ग्रॅम साखरेत चोळून झाकून ठेवली की काही तासांत साखर ओली, पिवळसर होते. साखरेनं तेल ओढून घेतलेलं असतं. त्यात त्याच संत्र्यांचा थोडा रस घालून विरघळवलं की पाक तयार. शिजवायचा नाही, वास उडतो.

डबा आणि गाळणी

ज्या मावशींकडे मी उतरलो होतो त्यांचा नातू पुण्यात एका हॉटेलच्या बारवर काम करतो. तो होळीला आला होता. मावशींच्या घरात बाटली येत नाही, म्हणून दारू घातलेला पेला त्यानं बुलडाण्यात माझ्या मित्राच्या घरी करून दाखवला. महाराष्ट्रात असा पेला घेण्यासाठी वय पंचवीस पूर्ण लागतं आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचा मद्यसेवनाचा परवानाही. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. आमचे परवाने खिशात होते.

त्याचं माप : पन्नास मिलिलिटर टकिला, वीस लिकर, पंधरा लिंबाचा रस. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेचं हेच माप आहे. 1937 साली लंडनमध्ये छापल्या गेलेल्या 'कॅफे रॉयल कॉकटेल बुक'मध्ये 'पिकाडोर' नावानं याच तीन वस्तू निम्मी, पाव, पाव अशा आहेत. मार्गारिटा कुणी शोधली याचे दावेदार अनेक, तिखुआनाचा हॉटेलवाला, आकापुल्कोची यजमानीण वगैरे. 'एस्क्वायर' मासिकानं 1953 च्या डिसेंबरात ती छापली तेव्हा ती अमेरिकेत सगळीकडे पोचली. यावरचे वाद मला फारसे महत्त्वाचे वाटत नाहीत. हातातलं लिंबू जास्त महत्त्वाचं.

शेकर नव्हता. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. बर्फ त्यानं आदल्या रात्री ट्रेऐवजी वाट्यांमध्ये गोठवला होता आणि खलबत्त्यानं फोडला, कारण फ्रिजच्या ट्रेचे छोटे ओले तुकडे झपाट्यानं वितळतात. मोठे, कोरडे तुकडे हळू वितळतात. लिंबू त्याच वेळी कापलं, हलक्या हातानं पिळलं. चिरडून पिळलं की सालीचा कडूपणा उतरतो. मग सगळं डब्यात घालून बारा ते पंधरा सेकंद जोरानं हलवलं. डब्याला बाहेरून पांढरं दव धरलं की थांबायचं. हे हलवणं फक्त गार करण्यासाठी नसतं. या वेळात पाव हिश्श्याच्या आसपास पाणी मिसळतं आणि आंबटाची धार बसते. चहाच्या गाळणीतून गार पेल्यात ओतलं.

कागदी लिंबानं पहिला घोट तीक्ष्ण लागला. त्यानं दुसऱ्या पेल्याला लिकर तीच ठेवून चमचाभर साखरेचा पाक घातला, आणि सगळं जागच्या जागी आलं. कागदी लिंबू वापरणाऱ्यानं ही भर लक्षात ठेवावी. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : या मापात दोन लहान पेगांहून जास्त दारू आहे. आंबट-गोड चव ती झाकते. एक पेला पुरे, आणि नंतर गाडी चालवायची नाही.

मावशींच्या ओट्यावर

मावशींना बाटली नको याला कारण आहे. त्यांच्या गल्लीतली दोन घरं हातभट्टीनं बसली. आजूबाजूच्या गावांत बायकांनी दुकानं बंद करण्यासाठी अर्ज केले, मोर्चे काढले. महाराष्ट्रात बायकांना मतदानानं गावातलं परवानाधारक दारूदुकान बंद करता येतं, आडवी बाटली उभी बाटली म्हणतात ते हेच. चोरून चालणाऱ्या भट्टीला मतदान लागू पडत नाही, तिथे पोलिसांच्या मागे लागावं लागतं. अशा गावात बसून दारूच्या पेयावर लिहिताना मला हे बाजूला ठेवता येणार नाही. मावशींच्या विरोधापुढे माझ्याकडे युक्तिवाद नव्हता, आणि तो करावासाही वाटला नाही.

पण नातवानं त्यांच्यासाठी बिनदारूचा पेला केला. यात टकिलाची जागा भरणं अवघड, कारण तिचा भाजका, हिरवा वास कशात नसतो. त्यानं अर्धं लिंबू कापलेल्या बाजूनं तापल्या तव्यावर टेकवलं, काळपट डाग पडेपर्यंत. त्याचा रस आणि अर्ध्या कच्च्या लिंबाचा रस मिळून वीस मिलिलिटर, सालीचा पाक पंचवीस, गार पाणी साठ, बर्फ, तेच हलवणं, तोच मिठाचा काठ. भाजल्यानं आंबट गोल होतं आणि धुराची एक पुसट रेघ येते.

मावशींनी घोट घेतला, काठ चाटून पाहिला आणि विचारलं, "मीठ भाईर काऊन लावलं, मंधात टाकलं असतं तं?" नातवानं त्यांना एक पेला मीठ आत घालून करून दिला. दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी पाहिले आणि बाहेरचं बरं म्हणाल्या.

संध्याकाळी बचत गटाच्या बायका ओट्यावर आल्या तेव्हा बोलणं हिशेबावर गेलं. उन्हाळ्यात लिंबू महाग, मग सरबत विकून उरणार काय? पावसाळ्यात लिंबाला भाव नसतो, पण तेव्हा सरबत कोण पिणार? नातवाचं म्हणणं असं की रस टिकत नाही, साखरेतला पाक टिकतो. त्यामुळे आंबे बहाराचं लिंबू आषाढ-श्रावणात स्वस्त मिळेल तेव्हा त्याचा पाक करायचा, संत्र्याची साल फेब्रुवारी-मार्चमध्येच साखरेत मुरवून ठेवायची, आणि दोन्ही एकत्र करून बाटल्या पुढच्या उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी विकायच्या. अन्नसुरक्षेची नोंदणी लागेल, बाटल्या उकळून घ्याव्या लागतील, किती साखरेला किती दिवस टिकतं हे आधी घरी तपासावं लागेल. काकांच्या झाडांवरचं पावसाळी लिंबू जे दरवर्षी खाली पडून कुजतं, ते गटानं तोडून न्यायचं आणि तोडणीची मजुरी गटानंच द्यायची, असं त्यांच्याशी बोलणं झालं. पहिली खेप श्रावणात दहा किलो लिंबांची घालायची ठरली आहे.